जखमेच्या आधी काय घडलं?

१. मरायचंय, की नाटकं?

समुपदेशकासमोर बसलेल्या आईवडिलांची गोष्ट साधारण एकाच वळणाने जाते. मुलगी ऐन उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचे कपडे घालू लागली. एकदा हातावर खुणा दिसल्या, विचारलं तर ‘मांजराने ओरबाडलं’ म्हणाली. पुन्हा दिसल्या तेव्हा मांजराचंही नाव घेतलं नाही, नुसती गप्प बसली. एवढं सांगून झालं की आई विचारते, ‘‘हिला मरायचंय का हो?’’ आणि वडील जरा आवाज खाली आणून म्हणतात, ‘‘की नाटकं करतेय?’’

दोन्ही प्रश्न पोटातल्या भीतीतून आलेले असतात आणि बहुतेक वेळा दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असंच असतं. नाटकाचं आधी बघू. नाटक करणारा प्रेक्षक शोधतो, बाह्या खाली ओढत नाही. स्वतःला इजा करून घेणारी बरीचशी मुलं ती गोष्ट महिनोन्‌महिने लपवतात. मुलगे तर बरेचदा हिशेबातच येत नाहीत. मुलगा भिंतीवर मुठी आपटून बोटं सुजवून घेतो तेव्हा घरात त्याला ‘राग फार आहे त्याला’ एवढंच म्हणतात.

आता मरणाचं. मरण्याचा हेतू नसताना जाणूनबुजून स्वतःच्या शरीराला इजा करणं ही वेगळी गोष्ट आहे, हे मानसोपचारालाही सावकाशच उमगलं. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ कार्ल मेनिंजर यांनी १९३८ मध्येच असं मांडलं होतं, की अशी इजा म्हणजे जिवावरचं शेपटावर निभावण्याची धडपड असू शकते. माणूस मरणाकडे चाललेला नसतो, उलट ते टाळायला बघत असतो. तरीही पुढची कित्येक वर्षं दवाखान्यांत अशा रुग्णाची नोंद ‘आत्महत्येचा प्रयत्न’ किंवा ‘लक्ष वेधून घेतो’ यांपैकी एका रकान्यात होत राहिली. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदानपुस्तिकेत ‘आत्महत्येचा हेतू नसलेली स्व-इजा’ ही स्वतंत्र अवस्था २०१३ मध्ये आली, तीही ‘अधिक अभ्यास हवा’ या शेऱ्यासह.

पण हेतू मरणाचा नाही म्हणून घरच्यांनी निश्चिंत व्हावं, असं मुळीच नाही. ज्याने स्वतःला इजा केली आहे त्याला पुढे आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा कित्येक पटींनी जास्त असतो. शरीराला दुखवण्याची भीती सरावाने कमी होते, हे त्याचं एक कारण मानलं जातं. शिवाय आपल्याकडे हेतू आणि परिणाम यांचा मेळ बसेलच असं नसतं. शेतघरात रागाच्या भरात हाताशी आलेलं फवारणीचं औषध घेणाऱ्या माणसाला मरायचंच होतं असं नाही, पण औषध त्याचा हेतू विचारत नाही.

म्हणून विचारायचं, आणि सरळ विचारायचं: ‘‘जीव द्यावासा वाटतो का?’’ असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही समजूत खरी नाही. बहुतेकांना उलट हायसं वाटतं.

२. हे आपल्याच घरात घडतंय का?

नाही. २०१४ मध्ये निरनिराळ्या देशांतल्या पाहण्या एकत्र करून केलेल्या एका आढाव्यात, सर्वसाधारण किशोरवयीन मुलांपैकी सुमारे १७ टक्क्यांनी कधी ना कधी स्वतःला इजा केल्याचं सांगितलं होतं. तरुणांत ते प्रमाण सुमारे १३ टक्के आणि मोठ्या माणसांत साडेपाच टक्क्यांच्या आसपास होतं. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात शाळकरी मुलांचा ती तिशीजवळ पोचेपर्यंत मागोवा घेतला गेला. किशोरवयात साधारण ८ टक्के मुलं स्वतःला इजा करत होती, वय वाढलं तशी त्यांतल्या बहुतेकांची ती सवय सुटली. पण ज्यांना त्या वयात नैराश्य किंवा सततची चिंता होती, त्यांच्यात ती पुढे चालू राहण्याची शक्यता जास्त दिसली. ‘वयाचं खूळ आहे, जाईल’ हे म्हणूनच अर्धंच खरं आहे. ते कोणाचं जाणार नाही, हे घरबसल्या कळत नाही.

३. दुखवून बरं कसं वाटेल?

सामान्य वाचकाला सगळ्यात जास्त बुचकळ्यात टाकणारा प्रश्न हा. दुखणं टाळायचं ही तर शरीराची पहिली शिकवण. मग कोणी मुद्दाम स्वतःला का दुखवेल?

मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू नॉक आणि मिचेल प्रिन्स्टीन यांनी २००४ मध्ये या कोड्याला सोपी चौकट दिली. त्यांनी विचारलं, की या कृतीनंतर लगेच काय बदलतं? एक तर आतलं काहीतरी बदलतं, नाहीतर भोवतालची माणसं बदलतात. त्यातही काही नकोसं दूर होतं किंवा काही हवंसं मिळतं. असहनीय घालमेल थांबते, हा झाला आतला पहिला प्रकार. मन पार बधिर झालेलं असताना निदान काहीतरी जाणवतं, हा आतलाच दुसरा. भोवतालच्या माणसांचं म्हणाल तर कधी भांडण किंवा परीक्षा टळते, कधी कोणीतरी जवळ येऊन बसतं.

या चारांपैकी घालमेल थांबवणं हे कारण सर्वांत जास्त वेळा आढळतं. २००७ मध्ये डेव्हिड क्लॉन्स्की यांनी तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हाही हेच पुढे आलं. ‘स्वतःला शिक्षा करायची होती’ हे कारणही बरेचजण सांगतात. माणसांवर परिणाम घडवणं ही कारणं मागे पडतात. घरातल्यांना मात्र पहिला संशय नेमका त्यांचाच येतो.

सुटका होते, पण ती सावकाराकडून उचललेल्या पैशासारखी असते. आजची रात्र निभावते. मग शरमेचं व्याज सुरू होतं, इजा लपवण्याचा ताण वेगळा, आणि त्या ताणातून पुढच्या वेळी पुन्हा त्याच दारात जावं लागतं. रक्कमही दर खेपेला वाढत जाते. घालमेल मुळात कशाने झाली होती, तो प्रश्न होता तिथेच राहतो. मानसोपचाराला जे करायचं असतं ते या दोन गोष्टी ध्यानात ठेवून: त्या माणसाला सुटकेची खरीच गरज आहे, आणि हा मार्ग त्याला बुडवतो आहे.

४. सीऍटलमधल्या एका बाईंचा हट्ट

या दोन गोष्टी एकाच वेळी हातात धरणारी उपचारपद्धती उभी केली ती मार्शा लिनेहान यांनी. सीऍटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात त्या मानसशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. सतत स्वतःला इजा करणाऱ्या, आत्महत्येच्या काठावर असलेल्या स्त्रियांवर त्या काम करत होत्या. यांतल्या अनेकींना ‘बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर’ असं निदान मिळालेलं असे. भावना क्षणात टोकाला जाणं, नाती तुटण्याची जबर भीती, ‘मी कोण’ याचा पत्ता नसणं, ही त्याची ढोबळ लक्षणं. अशा रुग्ण दारात आल्या की तेव्हाचे बरेच उपचारतज्ज्ञ मनातून दचकत. (स्वतःला इजा करणाऱ्या प्रत्येकाला हा विकार असतो असं नाही. इंटरनेटवर वाचून मुलीला हे लेबल लावणाऱ्या पालकांनी जरा थांबावं.)

लिनेहान यांनी सुरुवात वर्तनोपचाराने केली: चुकीची सवय शोधा, बदला. रुग्ण चिडल्या. ‘म्हणजे दोष माझाच ना?’ असं म्हणून काही सोडून गेल्या. मग त्यांनी नुसतं समजून घेणं, स्वीकारणं यावर भर दिला. तेव्हा रुग्ण म्हणू लागल्या, की मी इथे जळतेय आणि तुम्ही फक्त मान डोलावताय. शेवटी दोन्ही एकत्र आलं: ‘तू आत्ता जे करतेस ते तुझ्या परिस्थितीत समजण्यासारखं आहे, आणि तुला ते बदलावं लागेल.’ यातल्या ‘आणि’च्या जागी ‘पण’ आणला तर पहिलं वाक्य वाया जातं. या पद्धतीचं नाव डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, थोडक्यात डीबीटी. १९९१ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या वर्षभराच्या तुलनात्मक प्रयोगात डीबीटी घेणाऱ्या स्त्रियांनी नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा स्वतःला कमी वेळा इजा केली, त्या उपचारात टिकून राहिल्या आणि रुग्णालयात कमी दिवस राहिल्या. नैराश्य आणि हताशपणा मात्र दोन्ही गटांत जवळपास सारखाच राहिला. ही बाब सहसा सांगितली जात नाही, पण मला ती मोलाची वाटते. आधी हात थांबले, मन सावरायला वेळ लागणार होता.

लिनेहान यांचा हट्ट कुठून आला, ते जगाला २०११ मध्ये कळलं. १९६१ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, त्या स्वतः हार्टफर्डच्या मनोरुग्णालयात दाखल झाल्या होत्या आणि सव्वादोन वर्षांच्या आसपास तिथे राहिल्या होत्या. निदान झालं होतं स्किझोफ्रेनियाचं. विजेचे झटके दिले, औषधं दिली, एकांत कोठडीत ठेवलं, आणि तिथेही त्या स्वतःला इजा करत राहिल्या. अनेक वर्षांनी त्यांच्या हातावरच्या जुन्या खुणा बघून एका रुग्णाने विचारलं, की तुम्हीही आमच्यापैकीच का? त्यानंतर त्याच रुग्णालयात उभं राहून, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, त्यांनी आपली कथा सांगितली.

त्यांची उपपत्ती अशी. काही मुलं जन्मतःच भावनांच्या बाबतीत पातळ कातडीची असतात: लवकर लागतं, खोल लागतं, ओसरायला वेळ लागतो. अशा मुलाला भोवताल सतत सांगत राहिला की तुला जे वाटतंय ते चूक आहे, तर स्वतःच्या भावना ओळखायला आणि आवरायला ते शिकतच नाही. यासाठी घर क्रूर असावं लागत नाही. ‘एवढ्याशाने काय रडतेस?’, ‘आमच्या वेळी असले लाड नव्हते’, ‘चारचौघांत तमाशा नको’ ही वाक्यं चांगल्याच घरांत बोलली जातात. दणकट मुलाला ती लागतही नाहीत.

५. मंगळवारची साखळी

डीबीटीतलं एक अवजार जवळून बघू. ऋचा ही समजण्यासाठी उभी केलेली काल्पनिक मुलगी, बारावीत आहे. तिच्या समुपदेशक ताई तिला ‘का केलंस?’ असं विचारत नाहीत. ‘का’ला उत्तर एकच येतं: ‘माहीत नाही.’

‘‘मंगळवारी काय झालं?’’

‘‘काही नाही ताई. अचानकच झालं.’’

‘‘अचानक म्हणजे किती वाजता?’’

‘‘दहा-सव्वादहा.’’

‘‘आणि साडेनऊला काय करत होतीस?’’

असं करत करत दिवस मागे उलगडतो. सोमवारी रात्री जर्नल पूर्ण करता करता तीन वाजले होते. सकाळी डबा नेला नाही. संध्याकाळी चाचणीचे गुण सांगितल्यावर आई म्हणाली, ‘‘सोहमला बघ, क्लास न लावता काय मार्क आणतो.’’ साडेनऊला व्हॉट्सऍपच्या स्टेटसवर मैत्रिणींचा मिसळ खातानाचा फोटो दिसला, त्यात ऋचा नव्हती. विचार आला: मी कोणालाच नको. छातीत दाटून आलं. एका मैत्रिणीला मेसेज केला, दोन निळ्या खुणा उमटल्या, उत्तर आलं नाही. बाहेर आई मावशीला फोनवर सांगत होती, ‘‘आमचं ध्यान बसलंय खोलीत.’’ ऋचाने आतून कडी लावली.

इजेच्या क्षणापाशी ताई रेंगाळत नाहीत, तो झटकूनही टाकत नाहीत. त्या विचारतात, नंतर काय झालं? दहा मिनिटं डोकं शांत झालं. मग स्वतःची किळस आली. आईने दार ठोठावलं, बघितलं, आधी ओरडली आणि मग रडत शेजारी झोपली, डोक्यावरून हात फिरवत राहिली. किती तरी दिवसांनी. दुसऱ्या दिवशी कॉलेजला जावं लागलं नाही, गुणांचं नावही कोणी काढलं नाही.

‘अचानक’ आता कुठे उरलं? साखळी समोर आली की तोडायच्या जागाही दिसतात. झोप आणि जेवण ही अगदी पहिली कडी. उपाशी, जागरण झालेल्या मेंदूला साधा स्टेटसही झेपत नाही. ‘मी कोणालाच नको’ हा विचार तपासून बघता येतो: त्या दिवशी शेवटच्या तासाला ऋचाच गेली नव्हती, मैत्रिणी तिथूनच निघाल्या होत्या. आईच्या फोनवरचं बोलणं ऐकून जे लागलं ते आईला सांगता येईल का, कोणत्या शब्दांत, याची तालीम खोलीतच करता येते. आणि कडी. ती लावण्याआधीचे दोन क्षण हे ऋचासाठी सगळ्यात कामाचे निघाले. हात कडीकडे गेला की बाहेरच्या खोलीत जाऊन बसायचं, एवढंच पहिल्या आठवड्यात ठरलं.

शेवटची कडी नाजूक आहे. आईची कूस ऋचाला इजेनंतरच मिळाली, हे आईला सांगायचं कसं? ‘ती कुशीसाठी करते’ असं सांगितलं तर ते खोटं होईल आणि घात करेल. ऋचाच्या मनात तसा डाव नव्हता. मेंदू मात्र नोंद ठेवतो. ताई आईला जवळ घेणं थांबवायला सांगत नाहीत. गुरुवारी, काहीच घडलेलं नसताना, तिच्याजवळ जाऊन बसा, असं सांगतात.

६. हाताला दुसरं काम

साखळी समजली म्हणून रात्री सव्वादहाची लाट थांबत नाही. त्यासाठी कौशल्यं लागतात, आणि डीबीटीत ती रीतसर वर्गासारखी, गटात, गृहपाठासह शिकवतात. क्षणाकडे निवाडा न करता बघणं, संकटाची घटका परिस्थिती न बिघडवता काढणं, भावना ओळखून तिची धार कमी करणं आणि नातं न तोडता ‘नाही’ म्हणणं, असे चार भाग असतात.

यातलं दुसरं कौशल्य सगळ्यात आधी उपयोगी पडतं. ऊर्मी चढते, शिखराला जाते आणि काहीही न करता ओसरतेही. पण ज्याने ती कधी ओसरू दिलेलीच नाही त्याला हे खरं वाटत नाही, त्याला ते अनुभवावं लागतं. मधला वेळ काढायला एक साधी युक्ती शिकवतात: श्वास रोखून, वाकून, चेहऱ्यावर काही सेकंद गार पाणी धरायचं. पाण्यात बुडी मारल्यावर हृदयाचे ठोके मंदावण्याची सोय शरीरात जन्मजात आहे, तीच यात कामी येते. हृदयाचा त्रास किंवा खाण्याचा विकार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये.

आठवडाभर रुग्ण एका तक्त्यात रोजची ऊर्मी किती होती, काय केलं ते टिपतो आणि बैठक त्या तक्त्यापासून सुरू होते. मध्येच अडलं तर उपचारतज्ज्ञाला फोन करता येतो. इथे लिनेहान यांचा एक नियम अनेकांना खटकतो: फोन इजा करण्याआधी करायचा. इजा करून झाल्यावर पुढचे २४ तास, जिवाला धोका असल्याखेरीज, फोनवरची मदत मिळत नाही. कठोर वाटतो. पण मंगळवारची शेवटची कडी आठवली तर त्यामागचं गणित कळतं. तरीही नवख्या समुपदेशकाने हा नियम एकटा उचलून वापरू नये असं मला वाटतं. डीबीटीत उपचारतज्ज्ञांचीही दर आठवड्याला आपसांत बैठक असते, आणि ती नसेल तर असा नियम शिक्षेसारखा वापरला जायला वेळ लागत नाही.

७. ‘माझी शपथ आहे तुला’

आपल्या घरांतला सगळ्यात आवडता उपचार शपथ. आई मुलीचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेते: पुन्हा करशील तर माझं मेलेलं तोंड बघशील. मुलगी शपथ घेते, मनापासून घेते. पुढच्या वेळी लाट येते तेव्हा तिच्याकडे साधन नवं काहीच नसतं, वर आईच्या जिवाचं ओझं तेवढं वाढलेलं असतं. मग ती अधिक नीट लपवते.

तज्ज्ञही एके काळी रुग्णाकडून ‘इजा करणार नाही’ असा करार लिहून घेत. त्याने धोका कमी होतो असा पुरावा मिळाला नाही. आज त्याऐवजी सुरक्षा-आराखडा करतात. बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राउन यांनी त्याला नेमकं रूप दिलं. काय करणार नाही, हे त्यात नसतं. लाट येतेय हे कशावरून ओळखायचं, एकट्याने काय करायचं, कुठे जाऊन बसायचं, कोणाला सांगायचं, कोणत्या डॉक्टरांना गाठायचं आणि घरातल्या धोक्याच्या वस्तू कोणी, कुठे ठेवायच्या, हे सगळं रुग्णाच्या स्वतःच्या शब्दांत कागदावर असतं. २०१८ च्या एका अमेरिकी अभ्यासात, आपत्कालीन विभागातून हा आराखडा आणि नंतर पाठपुराव्याचे फोन मिळालेल्या रुग्णांत पुढच्या सहा महिन्यांतलं आत्मघाती वर्तन सुमारे ४५ टक्क्यांनी कमी आढळलं.

८. गोळी, इतर मार्ग आणि पोलिसांची भीती

‘एखादी गोळी नाही का?’ नैराश्य असेल तर त्यावर गोळी आहे आणि ती घ्यावी. खास स्व-इजेवर गोळी नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना हेच सांगतात. प्रश्नावली भरून धोक्याचा आकडा काढू नका, माणसाशी बोला, असंही त्या बजावतात. त्यांत विचार-वर्तन उपचारांची आणि भावनांच्या मोठ्या अडचणी असलेल्या किशोरांसाठी डीबीटीच्या सुधारित रूपाची शिफारस आहे. लंडनमध्ये अँथनी बेटमन आणि पीटर फोनागी यांनी विकसित केलेली पद्धत वेगळ्या वाटेने जाते. समोरच्याच्या आणि स्वतःच्या मनात काय चाललं असेल याचा अंदाज घेण्याची क्षमता ताणाखाली कोसळते, ती सावरायला ती शिकवते. डीबीटीचा वर्षभराचा पूर्ण आराखडा आपल्याकडे मोठ्या शहरांबाहेर सहज मिळत नाही. पण शरमिंदं न करता साखळी उलगडणारा समुपदेशक मिळाला तरी कामाला लागता येतं.

जखम खोल असेल, काही घेतलं असेल किंवा घेतल्याचा संशय असेल, तर ‘बघू सकाळी’ करू नये. रुग्णालयात न्यायचं. इथे पुष्कळ घरं अडतात ती पोलिसांच्या धास्तीने. रुग्णालय पोलिसांना कळवू शकतं आणि जबाबही होऊ शकतो. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं ११५ वं कलम सांगतं, की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरायचं, तिला शिक्षा करायची नाही, आणि तिची काळजी, उपचार व पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी आहे. आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं भारतीय दंड संहितेतलं ३०९ कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा त्यात गुन्हा म्हणून उरला आहे. रात्री-अपरात्री नुसतं बोलायचं असेल तर केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे. तिथे मराठीतही बोलता येतं, आणि फोन मुलीनेच करायला हवा असं नाही, आईवडीलही करू शकतात.